सामान्य माणसाने वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा : देशाचा नैसर्गिक आणि ऐतिहासिक वारसा जपणं हे सरकारचं काम, मग कोल्हापुरातला माझ्यासारखा नोकरदार माणूस त्यात काय करणार? मी गेली काही वर्षं रविवारी गडावर, जुन्या देवळांत साफसफाईला जातो. त्या अनुभवावरून सांगतो.

सरकारचं काम आहेच. पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्याच्या पुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राधानगरी अभयारण्य २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, पन्हाळा २०२५ मध्ये. पण आपल्या जिल्ह्यात गावोगाव वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड आहेत, दगडी विहिरी आहेत, देवाच्या नावाने राखलेल्या देवराया आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत नाही. त्यांची राखण गावानेच करायची असते, आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्या गावाच्याच हातून जातात.

पन्हाळा तालुक्यातल्या माझ्या मामाच्या गावी हेच झालं. देवळाचा लाकडी मंडप उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. वर्गणी भरपूर जमली, भाव खरा होता. काळ्या दगडाच्या भिंतींना ऑइलपेंट दिला, सांधे सिमेंटने भरले, शेजारच्या देवराईतली चार जुनी झाडं तोडली. दारातला वीरगळ पायरीच्या भरावात गेला. वीरगळ खालून वर वाचतात. तळाला लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, शेवटी चंद्रसूर्य. त्या गावासाठी कुणीतरी जीव दिला होता, त्याची ती एवढीच खूण. मला ते बघवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली आणि रंगाचे पापुद्रे सुटले. पूर्वीचे गवंडी चुना, वाळू आणि विटांचा चुरा चुन्याच्या घाण्यात मळायचे, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी घालायचे. त्या चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट आणि ऑइलपेंट ती आत कोंडतात, मग दगडाचा पृष्ठभाग खपलीसारखा सुटतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की गावात जीर्णोद्धाराची बैठक असेल तर जाऊन बसा. रंग नको म्हणा, सिमेंटऐवजी चुना म्हणा, काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक दगडाचा फोटो काढून ठेवा. तटबंदीत पिंपळाचं रोप दिसलं तर ओढून उपटू नका, मुळाबरोबर चिरे निघतात. लहान असतानाच कापा आणि जाणकाराला दाखवा. संरक्षित स्मारकावर मात्र खात्याला विचारल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

देवराईचंही तसंच, राखली तरच टिकते. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली का, हे आपण रोज बघतो. ते पाणी ज्या डोंगरांवरून येतं तिथलं जंगल शाहू महाराजांच्या काळी शिकारीसाठी राखलं होतं, म्हणून टिकलं. १९५८ साली गव्यांसाठी तिथे राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. देवराई म्हणजे गावाने स्वतःच राखलेलं जंगल. तिथलं वाळलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही हा जुना दंडक अजून पाळणारी म्हातारी माणसं भेटतील. त्यांना बैठकीत बोलवा. तरुणांपेक्षा त्यांचं ऐकलं जातं.

मामाच्या गावचा वीरगळ काढून घ्यायला दोन वर्षं समजूत घालावी लागली. शेवटी पायरी फोडायला देवळाच्या कमिटीचीच पोरं आली. तळाची पट्टी सिमेंटबरोबर तुटली, वरचे चंद्रसूर्य शाबूत निघाले. आता तो देवळाबाहेर झाडाखाली उभा केलाय, आणि पोरं येणाऱ्याजाणाऱ्याला खालून वर वाचून दाखवतात.