लिनक्स डेस्कटॉपला सिरियल पोर्ट जोडायचे तर यूएसबी कन्व्हर्टर घ्यावेत की कार्ड?

मदरबोर्डच्या मागे सिरियल पोर्ट, म्हणजे काटे-यंत्रं जोडायची जुनी खाच, नाही आणि तुम्हाला तीन-चार हवेत, म्हणता. कार्ड घ्या. याच प्रश्नावरून मी भागीदाराशी दोन वर्षं भांडतोय.

गोव्यात वाळपईजवळ काजूबियांच्या खरेदीसाठी आम्ही दोन इलेक्ट्रॉनिक काटे बसवले. वजन सिरियल केबलने संगणकात, तिथून पावती. मी मदरबोर्डच्या खाचेत बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड म्हणत होतो. भागीदार म्हणाला, "पोर्ट तो पोर्टच," आणि सीएच३४० चिपचे दोन स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर लावून मोकळा झाला. एप्रिल सुरळीत गेला. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट गेली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि लिनक्सने कन्व्हर्टरांना दिलेली नावं उलटली: टीटीवाययूएसबी० चा १ झाला, १ चा ०. पडद्यावर आकडे येतच होते, संशय कोणाला येणार? एक म्हातारी पावती धरून उभी राहिली. "बाबा, हे पोतं मी नि लेकाने मिळून उचललं. एकोणीस किलो कसं भरेल?" तिच्या पोत्याचं वजन शेजारच्या काट्यावरच्या माणसाच्या नावावर चढलं होतं. त्या रात्री दिवसभराच्या पावत्या आम्ही एकेक करून जुळवल्या. बिया विकून वर्षाचा खर्च काढणारी माणसं ती!

भागीदार अजून म्हणतो, बाय-आयडी, म्हणजे उपकरणाच्या अनुक्रमांकावरून लिनक्स देतं ते कायमचं नाव, वापरायचं होतं. अरे, सीएच३४० ला सहसा स्वतःचा अनुक्रमांकच नसतो, दोन्हींचं नाव एकच येतं! बाय-पाथचं नाव यूएसबीच्या खाचेवरून ठरतं, पण झाडताना कोणी केबल काढून दुसऱ्या खाचेत घातली की संपलं.

बहुतेक कार्डं कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ८२५० हा सिरियल पोर्टचा ड्रायव्हरच ओळखतो, पोर्ट टीटीवायएस नावाने येतात आणि क्रम पावसापाण्याने बदलत नाही. चारांपैकी मोजकेच पोर्ट दिसले, तर बूटच्या ओळीत (संगणक सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत) ८२५०.एनआर_यूएआरटीएस=८ द्या. त्याआधी मदरबोर्डवर कॉम लिहिलेल्या दोन ओळींच्या पिना आहेत का बघा. असल्या तर त्या पिनांना लावायच्या केबलवाल्या पट्टीच्या किमतीत एक पोर्ट मिळतो, फक्त पट्टीची जोडणी दोन प्रकारची येते, बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून घ्या.

लॅपटॉप असेल तर मात्र कन्व्हर्टरच लागणार. तेव्हा एफटीडीआय कंपनीच्या चिपचा अस्सल घ्या, त्याला सहसा अनुक्रमांक असतो, बाय-आयडी चालतं. आणि कॅबिनेट बुटकं असेल तर कार्ड कॅबिनेटला बसवायची आखूड पट्टी सोबत येते का, ते दुकानातच विचारा.