कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, ते आधी बघ

प्रिय बेटा,

तुझा बारावीचा निकाल आईने फोनवर सांगितला. 81 टक्के म्हणाली, आणि त्याच दमात म्हणाली, "आता अठराची झाली की बाबांच्या जागी अनुकंपेवर लावून टाकते." मागून तू काहीतरी बोललीस. शब्द कळले नाहीत, आवाज कळला. म्हणून लिहायला बसले.

मी 27 वर्षं एसपी ऑफिसच्या आस्थापना शाखेत कारकुनी केली. अनुकंपेच्या नोकरीला नावं ठेवणार नाही, तिच्यावर कित्येक घरं उभी राहिलेली पाहिली आहेत. पण इंजिनिअरिंगला नंबर लागत असताना आवक-जावकच्या टेबलावर येऊन बसलेली पोरंही पाहिली आहेत. घरात पैसा नाही असं त्यांना वाटायचं, आणि त्यांच्यासाठी ठेवलेला पैसा कुठे आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं.

तर ऐक. 1 मे 2019 ला, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभूळखेड्याला भूसुरुंग स्फोटात पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्याच महिन्याच्या 31 तारखेला केंद्रात नव्या सरकारने पहिला निर्णय घेतला तो पंतप्रधान शिष्यवृत्तीचा. ही योजना तोवर सैन्य, निमलष्करी दलं आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या मुलांपुरती होती. आता दहशतवादी किंवा नक्षली हल्ल्यात गेलेल्या राज्य पोलिसांची मुलंही त्यात आली. देशभरासाठी वर्षाला 500 जागा. मुलींना महिन्याला 3,000 रुपये, मुलांना 2,500. म्हणजे तुला वर्षाचे 36,000. कोटा-पुण्याचे क्लास यात बसत नाहीत, पण होस्टेल आणि मेस बऱ्यापैकी निघतं. बारावीला 60 टक्के लागतात, ते तुझ्याकडे आहेत. अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा. साध्या बी.ए.ला ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. पण तुला इंजिनिअरिंगच करायचंय, तेव्हा ते भांडण आज नको.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहितेय ते. तुझ्या बाबांना सगळा जिल्हा शहीद म्हणतो. 21 ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, स्मृतिस्तंभापाशी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली, त्यात त्यांचं नाव होतं. तू आईच्या पदराला धरून उभी होतीस. पण अर्ज तपासणाऱ्याला तो समारंभ दिसत नाही, त्याला दिसतो कागद, म्हणजे एसपी ऑफिस देतं तो मृत्यूच्या कारणाचा दाखला. कागदावर नुसतं "कर्तव्यावर असताना मृत्यू" असेल तर तो अपघातही असू शकतो, बंदोबस्तात आलेला हार्ट ॲटॅकही असू शकतो, आणि या योजनेत ते दोन्ही बसत नाहीत. "नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत" हे शब्द हवेत, तारीख, ठिकाण आणि गुन्हा क्रमांकासह.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका पोराचा दाखला असाच मोघम गेला आणि अर्ज परत आला. दुरुस्त दाखला हातात पडेपर्यंत पोर्टलची मुदत संपली, त्याचं वर्ष गेलं. तो मसुदा माझ्याच टेबलावरून गेला होता. खाली माझी आद्याक्षरं होती, निळ्या शाईत.

एसपी ऑफिसला या दाखल्यासाठी अर्ज देताना पोच घे. उद्या या म्हणाले तर उद्या जा, पण पोच घेऊनच ये. आणि लाजू नकोस. तिथले अर्धे लोक तुझ्या बाबांसोबत ड्युटी केलेले आहेत. तुला बघून त्यांना बोलता येत नाही, म्हणून ते फायलीत तोंड खुपसतात. त्याला उर्मटपणा समजू नकोस.

बाकी नेट कॅफेत बसून भरण्याच्या गोष्टी. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायच्या नोंदणीचा, क्रमांक काढायचा, मग अर्ज. तो पहिल्यांदा तुझं कॉलेज तपासतं. तिथला नोडल अधिकारी कोण हे ॲडमिशनच्या आठवड्यातच विचारून ठेव, शेवटच्या दिवशी तो रजेवर असतो. पैसे आईच्या नाही, तुझ्या खात्यात येतात, आणि तेही आधार ज्या खात्याला सीड केलंय, म्हणजे जोडलंय, त्यात. कॉलेजजवळ नवं खातं उघडताना बँकेच्या फॉर्मवर आधार जोडण्याचा चौकोन न वाचता टिक केलास तर पैसे तिकडे जातील, आणि तू इकडच्या पासबुकावर एंट्री मारत बसशील. दरवर्षी नूतनीकरण असतं, त्यामुळे मार्क सांभाळ.

कॅफेवाला प्रवेशाच्या फॉर्मवर "डिफेन्स कोटा टाकू का, ताई?" असं विचारेल. नाही म्हण. तो सैन्यदलांसाठी आहे, पोलिसांसाठी नाही. तंत्रशिक्षण परिषदेची स्वनाथ म्हणून वर्षाला 50,000 ची शिष्यवृत्ती आहे, तिच्यातही शहीद म्हणजे सैन्य आणि केंद्रीय दलं. तुझ्या नावावर कोणी ती भरायला घेतली तर थांबव. राज्याची मात्र एक गोष्ट सोडू नकोस: जुलै 2024 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. तू ओबीसी आहेस. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाक, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

तुझ्या वर्गातल्या त्या फायरमनच्या मुलाबद्दल तू विचारलं होतंस. पंतप्रधान शिष्यवृत्तीत अग्निशमन दल नाही. 1944 च्या मुंबई गोदीच्या स्फोटात 66 अग्निशामक गेले, त्यांच्या आठवणीत दर 14 एप्रिलला देशभर दिवस पाळतात, तरी नाही. त्याला म्हणावं, वडिलांच्या पालिकेच्या कल्याण शाखेत जाऊन विचार, आणि लेखी विचार.

अनुकंपेचं मी आईशी बोलेन. तो हक्क तिचाही आहे, तिचं वय बसत असेल तर तिनेच लागावं. बारावी झालीय ती, आणि हिशोब तुझ्यापेक्षा चांगला करते.

रविवारी दोघी घरी या. येताना बाबांच्या सेवापुस्तकाची झेरॉक्स, आईचं आधार आणि तुझी दहावीची मार्कशीट आणा. आईचं नाव तिन्हीकडे सारखं छापलंय का, ते चष्मा लावून आधी पाहू.

तुझी,
काकू