चौकशी नको, विचारपूस कर

वास्को, रविवार संध्याकाळ

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माया दाटून आली, दुसऱ्यांदा राग आला. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे सरकारी इस्पितळाच्या, फाटकाबाहेर भेटलेल्या माणसाला तू पहिल्या पगारातले २,००० रुपये दिलेस, बायको बाळंतपणाला आत आहे म्हणाला म्हणून. दुसऱ्या दिवशी तुझ्या मित्राला तो बारमध्ये दिसला. एवढ्यावरून तू चर्चच्या तरुण संघासाठी मदत मागणाऱ्यांनी भरायचा फॉर्म तयार केलास! आधार कार्ड, वॉर्ड नंबर, दोघांची शिफारस. आणि शेवटी विचारतोस, ‘मावशी, मी फसलो का?’

फसलास तर फसलास. त्या पैशांनी तू काही रस्त्यावर आला नाहीस.

फॉर्म मात्र फाडून टाक. हे मी सांगतेय, जिनं जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. चर्चच्या मंडळीचा गरीब फंड माझ्याकडे होता तेव्हा असाच फॉर्म मी वहीत आखला होता. नाव, गाव, कारण, शिफारस, रक्कम. पाच रकाने, लाल शाईच्या रेघा. पाळकसाहेबांनी कौतुक केलं होतं आणि मला ते फार गोड लागलं होतं.

मीटरगेज गाडीच्या काळातली गोष्ट. आषाढातली संध्याकाळ, धो धो पाऊस. गदगकडचा एक मजूर दारात उभा राहिला, डोक्यावर सिमेंटचं पोतं खोळीसारखं घेतलेलं. बायकोला ताप होता, तिला घेऊन गावी जायचं होतं, तिकिटाला नव्वद रुपये हवे होते. मी त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवून प्रश्न विचारले. काम कुठं करतोस, मुकादम कोण, बायको खरंच आजारी आहे का. मग म्हटलं, ‘मुकादमाची चिठ्ठी घेऊन ये.’ तो ‘हो बाई’ म्हणाला आणि गेला. नव्वद रुपये मी पाकिटात घालून ठेवले. तीन दिवस वाट बघितली.

ती वही अजून माझ्याकडे आहे. शिफारसीच्या रकान्यात माझं अक्षर: ‘चिठ्ठी आणण्यास सांगितले.’ त्याच्या नावावरून शाई फराटली आहे, सही करताना त्याचा ओला हात टेकला होता. रकमेचा रकाना कोरा.

आता तू म्हणशील, पैसे मंडळीचे होते, मावशीनं जपायलाच हवे होते. होते ना! विधवा बायांनी मुठीमुठीनं टाकलेलं अर्पण होतं ते. एकाला असंच दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली असती. माझी वही आजही पैशाला पैसा जुळते. हे सगळं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की तोंडपाठ झालंय. पण त्या बाईचा ताप उतरला का, ते त्या वहीत नाही.

म्हणून सांगते, चौकशी नको, विचारपूस कर. चौकशी करणारा उभा असतो, विचारपूस करणारा शेजारी बसतो. ‘खरं कशावरून?’ ही चौकशी. ‘जेवलास का?’ ही विचारपूस. गोमेकॉत आत रुग्णाची सोय होते. सोबत आलेल्याला रात्री पाठ कुठं टेकायची इथपासून प्रश्न. त्यातून रुग्ण गोव्याबाहेरचा असला तर २०१८ पासून त्याला शुल्क लागू झालं, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्गाकडे केवढी बोंब उठली होती. तिथं जाशील तेव्हा डबा ने, चटई ने, मोबाइलचा चार्जर ने.

बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायातला, लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला उचलणारा चांगला शोमरोनी तुला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. पण शोमरोनी म्हणजे कोण, हे मला गोव्यात आल्यावर कळलं. मी कोल्हापूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा बाजारात पाठीमागून ‘घाटी’ ऐकलंय. शोमरोनी म्हणजे तो घाटी, तो भायलो, बाहेरचा. याजक आणि लेवी, दोघंही मंदिराचे सेवक, बघून पलीकडून निघून गेले. थांबला तो ज्याला आपण दारात उभं करत नाही तो. त्यानं जखमी माणसाला त्याची जात विचारली नाही, रात्री-अपरात्री त्या यरीहोच्या वाटेनं कशाला गेलास हेही नाही. उतारशाळेत दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर म्हणाला, जास्त लागले तर परत येताना देईन. म्हणजे उधारीचं खातं उघडं ठेवून गेला! मी हिशेबनीस, मला हे वाक्य अजून झोपू देत नाही.

आणि आपण संतांना नवस बोलणारे नव्हे, पण बाणावलीच्या संत जुझे वाझ या धर्मगुरूची गोष्ट ऐक. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेली, म्हणून १६८७ मध्ये तो श्रीलंकेत शिरला तो भिकाऱ्याच्या वेशात. त्याला भीक घालणाऱ्या एखाद्यानं तुझा फॉर्म पुढे केला असता तर तो तिथंच संपला असता. पुढे कँडीच्या राजानं हेर समजून त्याला कोंडलंही. त्याच कँडीत १६९७ मध्ये देवीची साथ आली, लोक आपली माणसं टाकून पळाले, तेव्हा ज्यांच्याजवळ कुणी जाईना त्यांची घाण त्यानं काढली. बहुतेक त्याच्या धर्माचेही नव्हते.

तुझा तो माणूस प्याला असेल. दोन हजारांतले दोनशे प्याला असेल, कदाचित सगळेच. पैसे दिल्यावर ते त्याचे झाले, बाळ, त्याचं ऑडिट तुझ्याकडे नाही. फारच टोचत असेल तर पुढच्या वेळी पैसे हातात न देता औषधाच्या दुकानात त्याच्याबरोबर जा. मी त्याला कमीपणा मानत नाही. पण जाताना त्याच्याशी बोल, पोलिसासारखा मागं चालू नकोस.

बुधवारच्या प्रार्थनेला लवकर ये, वही दाखवते. आणि तोवर एवढं सांग: चार पानांत तू ते दोन हजार नऊ वेळा लिहिलेस, मी मोजले. त्याच्या बायकोला मुलगा झाला की मुलगी, ते कुठेच नाही.

तुझी,
मावशी