टुंड्रात दलदल येते कुठून?

प्रश्न : टुंड्रा आणि वाळवंट, दोन्हीकडे वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस, असं पुस्तकातल्या तक्त्यात दिलंय. मग वाळवंट कोरडंठाक आणि टुंड्रात उन्हाळ्यात जिकडेतिकडे दलदल, असं का?

उत्तर : दोन रकाने शेजारी ठेवून तुम्हाला हे खटकलं, याचा मला मनापासून आनंद झाला. नुसत्या पावसावरून प्रदेश ओळखायला शिकवतात, ते मला कधीच पटलेलं नाही. पडलेलं पाणी पुढे कुठं गेलं, हेही बघायला हवं.

सहारात ते वर उडून जातं. तिथलं ऊन आणि कोरडी हवा पडणाऱ्या पावसाच्या कितीतरी पट पाणी सहज शोषून घेतील. टुंड्रात सर्वांत उबदार महिन्याची सरासरीही १० अंश सेल्सिअसच्या आत, त्यामुळे बाष्पीभवन अगदी मंद. आणि खाली मुरायची वाट तर बंदच! जमीन कायमची गोठलेली, काही भागांत शेकडो मीटर खोलपर्यंत. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा थर, कुठे दीड वीत, कुठे हातभर. बर्फाचं पाणी त्यातच तुंबतं. सपाटीवर तळी साचतात, डासांचे थवे उठतात.

या थरात आर्क्टिक विलो वाढतो. खोड लाकडाचं, पण उंची बहुधा घोट्याएवढीच. फांद्या जमिनीला चिकटून पसरतात, कारण तिथे वारा कमी लागतो आणि हवा थोडी उबदार असते. बोटभर जाडीच्या खोडातही कित्येक दशकांची वर्तुळं दाटीवाटीनं बसलेली असतात.

मोठी झाडं नाहीत याचं खापर मात्र गोठलेल्या जमिनीवर फोडू नका. सायबेरियातल्या याकुत्स्कला पाऊस साधारण २४० मिलिमीटरच, खालची जमीनही गोठलेली. तरी आसपास लार्चची अरण्यं आहेत. कारण तिथल्या जुलैची सरासरी १९ अंशांच्या घरात जाते. एवढी ऊब झाडाला वाढायला पुरते, आणि वरचा थर वितळून मिळणारं पाणी मुळांना कोरड्या उन्हाळ्यात तगवतं. लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्याआधी सगळी पानं गाळतो.

तुमच्या तक्त्यात पावसाशेजारी जुलैच्या तापमानाचा एक रकाना आखा. उत्तर गोलार्धात हा आकडा १० अंशांच्या खाली उतरतो, साधारण तिथेच अरण्य संपून टुंड्रा सुरू झालेला दिसेल.