लातुरात झाडं लावायची म्हणतोस, तर आधी पाण्याचं बघ
लेकरा, जुलैत खड्डे खणायला शंभर हात येतात; एप्रिलात पाणी घालायला चार. तू त्या चौघांत ये. याच शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, हे विसरून इथं रोप लावूच नये. सुरुवातीला दहाच झाडं घे, कडुनिंब नाहीतर करंज, तीही तुझ्या रोजच्या वाटेवरची. बुंध्याभोवती पाचोळ्याचा जाड थर दे, ओल टिकते. समोरच्या दुकानदाराशी ओळख कर. त्याची नजर कुंपणापेक्षा जास्त राखते. माझी पहिली रोपं शेळ्यांनी खाल्ली, आजही जीव हळहळतो. आणि महापालिकेत टँकरसाठी अर्ज दिलास तर पोच घेतल्याशिवाय निघू नकोस.