शाई पसरते अन रंग पसरतच नाही

प्रश्न: उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मामाकडे जातो, दारव्ह्याजवळ गाव आहे. यंदा जागेवर बसून स्केच करायचंय, पेनाने रेघा आणि वरून वॉटरकलर. दिवाळीत करून बघितलं तर साध्या पेनची शाई रंगात मिसळून सगळं निळंकाळं झालं. मे महिन्यात तर रंग लावल्या लावल्या सुकतो, मधेच कडा उमटतात. आणि बसलं की पोट्टे जमतात. काय करू? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: ताई, शाईचं आधी, कारण ते सोप्पं आहे. साधी फाऊंटन पेनची शाई पाण्यात विरघळणारी असते, ओला ब्रश फिरला की सुटणारच. पिगमेंट इंकवाला वॉटरप्रूफ ड्रॉइंग पेन घ्या, ०.३ आणि ०.५ मिलिमीटर टोकाचे असे दोन बास झाले. बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र फाऊंटन पेनात भरू नका, तिच्यात बऱ्याचदा लाख असते, आत सुकली की पेन कामातून गेलं, ती टाकानेच वापरायची. आणि निघण्याआधी घरीच एक रेघ मारून, सुकू देऊन त्यावर ओलं बोट फिरवून बघा.

आता ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, हवा ठणठणीत कोरडी, मग ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक सुकलेलं असतं. म्हणून सकाळी साडेसहाला बसायचं आणि नऊला उठायचं. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, तो पाणी धरून ठेवतो, चित्र वहीच्या अर्ध्या पानाएवढंच ठेवा, रंग आधीच भरपूर कालवून घ्या आणि ब्रश मोठा, दहा नंबरचा गोल. आभाळ करायचं असेल तर तेवढा भाग आधी नुसत्या पाण्याने ओला करा. पटकन सुकण्याचा फायदापण आहे बरं का, दुसरा थर लगेच देता येतो, पावसाळ्यात त्याच जागी किती वेळ वाट बघत बसावं लागेल. कागदावर थेट ऊन नको, तो इतका चमकतो की रंग किती गडद झाला ते कळतच नाही, घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे, सावली आधी पकडा. सकाळची सावली भराभर आखडते, तुम्ही धाब्याच्या घराचे दार-खिडक्या नीट काढत बसलात तर तोवर भिंतीवरची सावली कुठल्या कुठे गेलेली असते. आल्या आल्या सावलीची कड पेनाने आखा आणि मग ती बदलायची नाही, ऊन कितीही सरको. काळा रंग डबीतून काढूनच टाका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळलं की सावलीचा राखाडी होतो, तेच घट्ट केलं की आपली काळी माती, आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) जोडला की मातीच्या भिंती, गढीचे बुरूज, बंडीची चाकं सगळं त्यातच निघतं. उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद, त्याला पांढरा रंग लागत नाही.

पोट्ट्यांना जमू द्या हो. एकेक कागद अन पेन्सिल देऊन टाका, तेही काढत बसतात. ओट्यावर कोणी आजी बसल्या असतील तर मात्र "आजी, काढू का तुम्हाले?" असं आधी विचारा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गाडी असेल तर एक दिवस लोणारला जाच. विवर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, पूर्ण काढायला जाऊ नका, काठाचा एक तुकडा आणि खालचं पाणी पुरे. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंती कोरीवकामाने भरलेल्या आहेत, तिथे मूर्ती मोजत बसाल तर अख्खा दिवस जाईल, आधी खाचांमधल्या सावल्यांचे ठोकळे भरा आणि मग एखाद्याच कोपऱ्यात पेन चालवा.