खोल समुद्रातल्या आयसोपॉडची प्रजाती 'नवीन' आहे हे ठरवतात कसं? कोल्हापुरात राहून हे काम करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की केरळच्या समुद्रातल्या एका आयसोपॉडला, म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या भावकीतल्या किड्याला, 'इस्रो'चं नाव दिल्याची बातमी वाचली, आणि दोन प्रश्न पडले: तो नवीन आहे हे ठरवतं कोण, आणि कोल्हापुरात बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला या कामात शिरता येईल का.

दुसरा प्रश्न आधी घेते. येतं. मी इथे एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात आयसोपॉडच्या पायांची, जबड्यांची चित्रं काढते. संशोधनाच्या जहाजावर मी एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून भेळ खाणं, एवढाच माझा समुद्राशी संबंध.

'समुद्राच्या तळाशी नवी प्रजाती सापडली' असं छापून आलं की वाटतं, जाळं वर आलं, कुणीतरी ओरडलं आणि शोध लागला. तसं नसतं हो. जाळं वर येतं तेव्हा कुणाला काही कळलेलं नसतं. कोळंबीच्या ढिगातून निघालेला किडा बाटलीत जातो आणि बाटली कपाटात जाते. २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता की नमुना गोळा झाल्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. आमच्याकडे बाळ पदवीधर होतं एवढ्या वेळात. म्हणजे शोध लागतो तो टेबलावर, आणि टेबल कोल्हापुरातही असतं.

आयसोपॉड तुम्ही पाहिलेला आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली राखाडी, खवल्याखवल्यांचा किडा पळतो, काही तर हात लावताच गोळी होऊन बसतात, तो आयसोपॉडच. कीटक नव्हे; खेकडा-कोळंबीच्या भावकीतला, जमिनीवर राहायला आलेला. नावाचा अर्थ 'सारखे पाय'. पायांच्या सात जोड्या, साधारण एकसारख्या. जगात दहा हजारांहून जास्त प्रजाती नोंदल्या आहेत. त्यातला फोटोत सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे खोल समुद्रातला भलामोठा बॅथिनोमस. मेक्सिकोच्या आखातातून वर आलेल्या एका नमुन्यावरून अल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७९ मध्ये त्याचं वर्णन केलं. जपानमधल्या टोबाच्या मत्स्यालयात असला एक प्राणी पाच वर्षं काहीही न खाता जगला आणि २०१४ मध्ये गेला. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "चतुर्थी करत असंल."

बॅथिनोमसचीच ताजी गोष्ट बघा. व्हिएतनाममध्ये मच्छीमार हे प्राणी पकडून हॉटेलांना विकतात. तिथल्या क्वी न्योन शहरात २०२२ साली संशोधकांनी बाजारातून काही विकत घेतले. एकेक फूटभर लांब, वजन किलोवर. नीट पाहिल्यावर कळलं की हा नोंदलेल्यांपैकी कुणीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये वर्णन छापून आलं, नाव बॅथिनोमस वेडरी. डोकं 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या डार्थ व्हेडर या खलनायकाच्या शिरस्त्राणासारखं दिसतं म्हणून. त्याआधी कितीजणांनी तो उकडून खाल्ला असेल कोण जाणे.

म्हणून माझा विद्यार्थ्यांना पहिला सल्ला असतो, मासळी बाजारात जा. रत्नागिरी-मालवणची मासळी घाट चढून कोल्हापुरात येतेच. बांगड्याचं कल्ल्याचं झाकण उचलून बघा. काही बांगड्यांत आत बोटाच्या पेराएवढा, पांढरट, जरा एका अंगाला वाकलेला प्राणी चिकटून बसलेला सापडतो. नोरिलेका इंडिका हा आयसोपॉड बांगड्याच्या कल्ल्यांत राहतो. मी जिच्याकडून मासे घेते तिला पहिल्यांदा म्हणाले, "मावशी, कल्ले टाकू नका, पिशवीत घालून द्या," तर ती म्हणाली, "मांजराला व्हय, मॅडम?" आता ती स्वतःच बाजूला काढून ठेवते आणि शेजारणीला सांगते, "किडंवाल्या मॅडमचं हाय ते, हात लावू नगंस."

तुम्ही वाचलेला ब्रुसेथोआ इस्रो याच घराण्यातला, पण खोल पाण्यातल्या माशावरचा. कोल्लमजवळच्या समुद्रातल्या माशाच्या कल्ल्याच्या पोकळीत तो मिळाला. मादी सुमारे १९ मिलिमीटर, नर तिच्या निम्म्याएवढा. आणि या घराण्याची गंमत अशी की तोच प्राणी आधी नर असतो, पुढे मादी होतो. जुन्या काळात एकाच प्राण्याच्या दोन वयांना दोन वेगळ्या प्रजाती समजून नावं दिल्याचे घोटाळे यातूनच झालेत.

आता ठरवतात कसं. खरं सांगायचं तर 'हा नवीन आहे' असं सिद्ध करता येत नाही. 'हा जुन्यांपैकी कुणीच नाही' एवढंच दाखवता येतं, एकेक करून. त्या वंशातल्या, म्हणजे नावाचा पहिला शब्द सारखा असलेल्या, जेवढ्या प्रजाती आजवर नोंदल्या गेल्यात त्या सगळ्यांची वर्णनं काढायची, अगदी १८७९ पासूनची, काही फ्रेंचमध्ये, काही जर्मनमध्ये. जुनी पुस्तकं आता बरीचशी इंटरनेटवर फुकट मिळतात. मी फ्रेंच शब्दकोश मांडीवर घेऊन काटे आणि केस एवढेच शब्द शिकले. मग आपला प्राणी त्या प्रत्येकाशेजारी ठेवायचा. मुलगी बघायला गेल्यासारखं नव्हे, पोलीस ओळखपरेड घेतात तसं.

माझ्याकडे आलेला नमुना मुडदे खाणाऱ्या घराण्यातला होता, दीड इंचाचा, माझ्या सरांच्या एका मित्राने केरळहून पाठवलेला. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: तारीख, अक्षांश-रेखांश, खोली. ही चिठ्ठी प्राण्याइतकीच मोलाची. त्याआधी एका ठिकाणाहून मला तीन बाटल्या आल्या होत्या, आत सुरेख नमुने, आणि चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिलेल्या. अल्कोहोलमध्ये शाई विरघळून गेलेली. निळसर पाण्यात कोरा कागद तरंगतोय. ते प्राणी कुठल्या समुद्रातले, किती खोलीवरचे, कुणालाच सांगता येईना. ते आता माझ्या वर्गात फक्त 'बघा, असा दिसतो' म्हणून दाखवायला आहेत. अजून आठवलं की जीव जळतो.

काम असं चालतं. प्राण्याचा एका बाजूचाच पाय, जबडा, मिशी सोडवायची. दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला माझ्यावर शंका आली तर त्याला बघता यावं. सोडवलेला भाग ग्लिसरिनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा नावाची आरशाची नळी जोडलेली असते. तिच्यातून एकाच वेळी प्राण्याचा पाय आणि आपला कागद दिसतो. म्हणजे आपल्याच पेन्सिलीचं टोक त्या पायावरून चालताना दिसतं. पहिल्यांदा मी दचकून हात मागे घेतला होता, एवढं ते खरं वाटतं. मग प्रत्येक काटा, प्रत्येक केस. केस साधा आहे, की पिसासारखा, की टोकाला करवतीसारखा, तेही दाखवायचं. पोटाखाली पोहण्या-श्वसनाच्या पाच जोड्या पाकळ्या असतात. नराच्या दुसऱ्या पाकळीला आतल्या अंगाला एक काडी असते. तिचं टोक टोकदार की बोथट, ती पाकळीच्या पुढे जाते की मागे राहते, यावर कैक वेळा अख्खा निकाल लागतो. एका प्रजातीला माझी सत्तावीस चित्रं झाली, तीन महिने गेले. घरी सासूबाई चष्मा वर करून बघायच्या, "झुरळाला एवढं कशाला नटवतीस गं?"

फसायला जागा भरपूर आहेत. मी फसले ते सांगते. दुसऱ्या बाटलीत एक छोटा नमुना होता, त्याला पाय मोजले तर बारा. पुन्हा मोजले, बारा. सहाच जोड्या! आयसोपॉडला सात असतात हे शाळकरी पोराला माहीत. मला वाटलं, आता प्रजाती काय, नवीन घराणंच हाती लागलं. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "शेवटची जोडी नाही ना? अगं, पिल्लू आहे ते. आईच्या पिशवीतून बाहेर पडून चार दिवस झाले नसतील." खरंच. मादीच्या पोटाखाली पिशवी असते, तीत पिल्लं वाढतात आणि बाहेर येतात ती शेवटची जोडी न फुटताच. त्या अवस्थेला मॅन्का म्हणतात. एम.एस्सी.ला मी हे लिहून चांगले मार्क घेतले होते.

दुसरा चकवा कातीचा. हे प्राणी कात अर्धी अर्धी टाकतात, आधी मागची, काही काळाने पुढची. मधल्या दिवसांत पकडला गेला तर पुढचा भाग एका रुंदीचा, मागचा दुसऱ्याच. नवख्याला वाटतं काय विलक्षण शरीर आहे!

आणि निव्वळ काटे मोजून भागत नाही. मेक्सिकोच्या युकातानजवळ २०१७ मध्ये पकडलेला एक बॅथिनोमस १८७९ च्या प्रसिद्ध प्रजातीतलाच वाटत होता. शेपटीच्या ढालीवरचे काटेही दोघांचे सारखेच. पण अंग सडपातळ, मिशा लांब, आणि डीएनएही वेगळा निघाला. २०२२ मध्ये त्याला बॅथिनोमस युकातानेन्सिस असं स्वतःचं नाव मिळालं. डीएनएचं बळ आता मोठं आहे, पण माझ्या नमुन्याने तिथे दगा दिला. तो आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला होता, आणि फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं. नमुना मिळाल्या मिळाल्या कडक अल्कोहोलमध्ये टाकला असता तर निम्मं भांडण मिटलं असतं. पण डेकवर पहाटे तीनला कोळंबी निवडणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार.

नावाचं काम त्या मानाने सोपं, पण नियम कडक. सहसा एकच नमुना होलोटाइप म्हणून जाहीर करतात. पुढे कधीही वाद झाला तर साक्षीला तोच उभा राहतो. बाकीचे पॅराटाइप. तो कुठल्या संग्रहालयात ठेवलाय ते छापावं लागतं. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवीन प्रजातीची माहिती आणि नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहाकडे द्यावाच लागतो. कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण हा त्यातला मोठा. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँक या नोंदवहीत आधी नोंद हवी. नाव लॅटिन लिपीत, आणि विशेषण असेल तर वंशाच्या लिंगाला जुळणारं. स्वतःचं नाव स्वतःच ठेवायला नियमात बंदी नाही, पण ठेवलंत तर लोक हसतात.

कॉलेजातल्या सहकाऱ्यांचा आग्रह होता, 'कोल्हापूरेन्सिस' ठेवा, नाद खुळा होईल. मी म्हटलं, ते नाव एका पालीला २००९ मध्येच मिळालंय, दाजीपूरच्या जंगलातल्या निमास्पिस कोल्हापूरेन्सिसला. वंश वेगळा असल्यामुळे पुन्हा वापरता आलं असतं हे खरं, पण शेकडो मीटर खोल राहणाऱ्या प्राण्याने पंचगंगेचं काय घोडं मारलंय? मग नाव काय ठेवलं ते इथे सांगणार नाही. वर्णनाआधीच नाव बाहेर फुटलं तर त्याला नियमात किंमत नसते, उघडंवाघडं नाव म्हणतात त्याला, आणि उगाच गोंधळ होतो. निबंध सध्या परीक्षकाकडून परत आलाय. त्याचं म्हणणं, त्या दुसऱ्या पाकळीवरच्या काडीचं टोक मी जरा जास्तच टोकदार काढलंय. पुन्हा बघितलं. त्याचं बरोबर आहे.

तुम्हाला शिरायचं असेल तर सूक्ष्मदर्शकाची वाट बघत बसू नका. रविवारी सकाळी मासळी बाजारात जा, दहा बांगड्यांचे कल्ले उघडा, सापडेल ते अल्कोहोलच्या बाटलीत घाला, मासा कुठून आला ते विक्रेत्याला विचारून पेन्सिलने चिठ्ठी लिहा आणि ती आत टाका. महिन्याभरात आठ-दहा बाटल्या झाल्या की मला निरोप पाठवा. मी शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतच असते. चारनंतर खिडकीतला उजेड जातो, त्याआधी या.